हार्ड डिस्क घ्यायची तर दोन घ्या

दुकानात जाऊन 'बॅकअपसाठी हार्ड डिस्क हवी' म्हटलं, की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, 'किती टीबीची देऊ?' दुसरा प्रश्न बजेटचा. तिसरा सहसा येतच नाही, आणि खरं तर तोच पहिला यायला हवा : या डिस्कवर जे ठेवणार आहात, ते आणखी कुठे असणार आहे? मला हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

२०१४च्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो, तेव्हा आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. जातं केव्हाच परसात जाऊन पडलं होतं, पण ओव्या तिच्या तोंडात होत्या. चार दुपारी मिळून जवळपास तीन तासांचं रेकॉर्डिंग झालं. पुढे लॅपटॉप भरत आला तेव्हा एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली. फोटो, व्हिडिओ आणि त्या ओव्या तिच्यावर 'शिफ्ट' केल्या आणि लॅपटॉपवरून काढून टाकल्या. बॅकअप झाला, या समाधानात दोन वर्षं गेली. मग एका संध्याकाळी डिस्क टेबलावर चालू असताना पायात केबल अडकली आणि ती अडीच फुटांवरून फरशीवर पडली. पुन्हा जोडली तर आतून नुसतं टक्-टक्, टक्-टक्. संगणकाला ती दिसेचना. तोवर आई गेली होती.

डिस्कला दोष देण्यात अर्थ नव्हता. मी बॅकअप घेतलाच नव्हता. मी फक्त जागा बदलली होती. आधी ओव्या एका ठिकाणी होत्या, नंतरही एकाच ठिकाणी होत्या. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. मूळ जागेवरची फाइल तशीच राहायला हवी आणि डिस्कवर तिची आणखी एक प्रत हवी. ओळखीपाळखीच्या घरांत मी आता मुद्दाम विचारतो, आणि बहुतेक ठिकाणी माझ्यासारखंच झालेलं दिसतं : लॅपटॉप भरला, डिस्क आणली, सगळं तिच्यावर हलवलं. अशी डिस्क म्हणजे घरातली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात नाजूक वस्तू होऊन बसते.

नाजूक का, ते मला लॅमिंग्टन रोडवरच्या एका डेटा रिकव्हरीवाल्यानं दाखवलं. त्यानं माझी डिस्क उघडून टेबलावर ठेवली. आत आरशासारखी लख्ख तबकडी होती, इतकी लख्ख की तिच्यात माझा चेहरा दिसत होता. आणि त्या आरशावर एक गोल, करडा ओरखडा होता, कंपासनं काढावा तसा. चालू डिस्कमध्ये ही तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत असते. वाचणारा-लिहिणारा हेड तिला टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर तो काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतो. माणसाचा केस ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून त्या अंतराची कल्पना करावी. धक्का बसला की हेड तबकडीवर आपटतो आणि तिच्यावरचा चुंबकीय थर खरवडला जातो. त्या थरातच आपल्या फाइली असतात. 'हेड बदलता येतात, खरवडलेलं परत आणता येत नाही,' एवढंच तो म्हणाला.

डिस्क बंद असताना हेड तबकडीवरून बाजूला, एका छोट्या उतरत्या पट्टीवर जाऊन बसतात. म्हणून बंद डिस्क पडली तर वाचण्याची शक्यता पुष्कळ असते आणि चालू डिस्क नुसती कलंडली तरी जीव टांगणीला लागतो. पोर्टेबल डिस्क चालू असताना उचलायची नाही, हा नियम मी घरात सगळ्यांना सांगून ठेवला आहे. ती टेबलाच्या कडेला नाही, भिंतीच्या बाजूला ठेवायची, आणि केबल पायवाटेत येऊ द्यायची नाही.

तरीही या यंत्राबद्दल मला आदरच वाटतो. आयबीएमनं १९५६ साली बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होतं आणि त्यात ५० लाख अक्षरं मावत. आजच्या फोनचा एक बऱ्यापैकी फोटो तिच्यात जेमतेम बसला असता. अल्बर्ट फर्ट आणि पेटर ग्रुनबर्ग यांना २००७चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते ज्या शोधासाठी, त्याच शोधामुळे तबकडीवरच्या अतिसूक्ष्म चुंबकीय खुणा वाचणारे हेड बनवता आले आणि खिशात मावणाऱ्या डिस्कमध्ये अख्ख्या कुटुंबाची वीस-तीस वर्षं मावू लागली.

आता निवडीकडे येऊ. दुकानात तीन प्रकार समोर येतात. पहिली अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क. ती यूएसबी केबलवरच चालते, वेगळी वीज लागत नाही. दुसरी साडेतीन इंची डेस्कटॉप डिस्क. तिला स्वतःचा अडॅप्टर लागतो, पण क्षमता पुष्कळ जास्त मिळते. तिसरी एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, चिपमध्ये विद्युतभार साठवून माहिती ठेवलेली असते.

एसएसडी पडली तरी सहसा काही होत नाही आणि वेगही कित्येक पट मिळतो. दुकानदार ती पुढे करतात आणि रोज व्हिडिओ एडिट करणाऱ्याला किंवा डिस्क घेऊन सतत फिरणाऱ्याला मीही तीच घ्यायला सांगेन. पण वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी ती माझी पहिली पसंती नाही. एक तर तेवढ्याच जागेसाठी पैसे बरेच जास्त मोजावे लागतात. दुसरं म्हणजे चिपमधला भार वीज नसताना हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लिहिण्याची ठरलेली क्षमता वापरून झालेली घरगुती एसएसडी वीज न देता ३० अंश तापमानात किमान एक वर्ष माहिती धरून ठेवू शकली पाहिजे. नवी एसएसडी याहून खूप जास्त टिकते, घाबरण्याचं कारण नाही. पण विदर्भातल्या मे महिन्यात लोखंडी कपाटाच्या आत तापमान ३० अंशांवर थांबत नाही, हेही लक्षात असू द्यावं. एसएसडी घेतलीच, तर दर चार-सहा महिन्यांनी संगणकाला जोडून थोडा वेळ चालू ठेवावी.

डेस्कटॉप डिस्क पाच टीबीच्या वर जागा हवी असेल तरच घ्यावी. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. लॅपटॉपला जोडलेली पोर्टेबल डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत राहते, अडॅप्टरवरची डिस्क मात्र लिहिता लिहिता बंद पडते. यूपीएस असेल तर हा प्रश्न उरत नाही.

म्हणजे बहुतेक घरांसाठी माझं उत्तर साधं आहे : साध्या पोर्टेबल हार्ड डिस्क, आणि त्या दोन. जे पैसे एका भारी डिस्कवर घालणार होतात, त्यातच दोन साध्या बसवा. क्षमता कमी झाली तरी चालेल.

क्षमतेचा अंदाज घरी बसूनच करता येतो. फोनचा एक फोटो सरासरी ४ एमबी धरला, तर १ टीबीमध्ये अडीच लाख फोटो बसतात. जागा खातात ते व्हिडिओ. ४-के व्हिडिओचं एक मिनिट फोनच्या सेटिंगप्रमाणे साधारण १५० ते ४०० एमबी घेतं, म्हणजे मुंजीचं किंवा बारशाचं तासाभराचं शूटिंग १० ते २५ जीबी. संगणकावर आज जे जपण्यासारखं आहे त्याची बेरीज करा आणि तिच्या दुप्पट क्षमतेची डिस्क घ्या, कारण बॅकअपचं सॉफ्टवेअर फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही ठेवतं आणि संसार वाढतच असतो. डिस्क जोडल्यावर १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसले, तर फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते, विंडोज तेवढेच बाइट १०२४च्या हिशेबानं मोजतं.

खरी फसवणूक वेगळी आहे. ऑनलाइन बाजारात '१६ टीबीची पोर्टेबल एसएसडी' हजार-दीड हजार रुपयांत दिसते. तिच्या पेटीत ६४ जीबीसारखं एखादं छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि त्याची चिप संगणकाला खोटी क्षमता सांगते. फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, नावंही दिसतात, उघडायला गेलं की आत काही नसतं. ज्या किमतीत ओळखीच्या कंपनीचा एक टीबीही येत नाही, त्या किमतीत सोळा टीबी कुणी देत नाही. शंका आलीच तर 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ३' हे फुकट प्रोग्रॅम डिस्क भरून पाहतात आणि खरा आकडा सांगतात. हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आज जगात तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. वरचं कव्हर कुणाचंही असो, आतली तबकडी बहुधा या तिघांपैकी एकाची असते. त्यामुळे 'कुठली कंपनी चांगली' या वादात मी वेळ घालवत नाही. दोन डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या किंवा निदान वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या असाव्यात, एवढंच पाहतो. एकाच लॉटमधल्या दोन्हींत एकच दोष निघायचा धोका त्यानं कमी होतो.

पेटीवर वेगाचे आकडे मोठ्या अक्षरात असतात. फिरत्या तबकडीची पोर्टेबल डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपासच लिहिते, मग पेटीवर यूएसबीचा कितीही मोठा आकडा असो. पाहायचं एवढंच, की केबल संगणकाच्या यूएसबी ३ पोर्टलाच लावली आहे. जुन्या यूएसबी २ पोर्टला लावली तर एक टीबी भरायला पावणेतीन तासांऐवजी आठेक तास लागतात. पोर्टचा आकार मात्र जरूर पाहावा. पुष्कळ पोर्टेबल डिस्कना अजून ते रुंद, चपटं, खाच असलेलं सॉकेट असतं. वारंवार काढ-घाल करून ते सैल होतं, आणि अनेक डिस्कमध्ये ते थेट आतल्या सर्किटवर झाळलेलं असतं, त्यामुळे सॉकेट तुटलं तर नुसतं कव्हर बदलून काम भागत नाही. टाइप-सी सॉकेट मिळत असेल तर ते घ्यावं.

पेटीवर बहुधा छापलेली नसते अशीही एक गोष्ट आहे, आणि ती कळली की डिस्कवर चिडायला होत नाही. आजच्या बहुतेक मोठ्या क्षमतेच्या पोर्टेबल डिस्कमध्ये माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. कौलारू घर पाहिलेल्याला हे सांगायला नको. एका कौलाची कड दुसऱ्यावर येते, म्हणून थोड्या जागेत जास्त कौलं बसतात. पण मधलंच एक कौल बदलायचं झालं तर त्याच्यावर कड टाकून बसलेली शेजारची कौलं उचलून पुन्हा लावावी लागतात. या डिस्कचंही तसंच असतं. कोऱ्या डिस्कवर भराभर लिहिलं जातं, पण भरत आलेल्या डिस्कवर जुन्याच्या जागी नवं लिहायला गेलं की वेग कमालीचा पडतो. बॅकअपसाठी हे चालतं. रोजच्या कामाची डिस्क म्हणून तीच वापरू नये आणि काठोकाठ भरू नये.

फॉरमॅटचं थोडक्यात. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस ठेवा. मॅक ते वाचतो पण त्यावर लिहीत नाही, म्हणून दोन्ही असतील तर एक्सफॅट. एक्सफॅटवर डिस्क 'इजेक्ट' न करता उपटली तर नुकसानीचा धोका अधिक असतो, हे मात्र ध्यानात ठेवावं. बॅकअप घेण्यासाठी विंडोजमध्ये 'फाइल हिस्ट्री' आणि मॅकमध्ये 'टाइम मशीन' आधीपासूनच असतं. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची घाई नको.

पण सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विसंबू नका. 'फाइल हिस्ट्री' आपणहून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असे ठरावीक फोल्डरच घेते. टॅलीचा डेटा अनेकदा त्याच्या बाहेर असतो, डी ड्राइव्हवरचं सगळंच बाहेर असतं. आणि मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास गोष्ट कुठल्याच इंग्रजी सूचनापत्रकात सापडणार नाही. युनिकोड रुळण्याआधी आपण सगळे श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये लिहीत होतो. त्या फाइली जपल्या आणि फॉन्ट जपला नाही, तर दहा वर्षांनी फाइल उघडते, पण पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिखल दिसतो. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात, म्हणून बॅकअपमध्ये येत नाहीत. ते मुद्दाम कॉपी करून घ्या आणि महत्त्वाच्या जुन्या लेखनाची, फॉन्ट आत बसवलेली, पीडीएफ प्रतही करून ठेवा. जुने दिवाळी अंक, संस्थांची इतिवृत्तं, कुणाचे आत्मचरित्राचे खर्डे या एका कारणानं वाचेनासे होत आहेत, आणि ते वाचवणं अजून आपल्या हातात आहे.

घेतलेला बॅकअप उघडून पाहणं हेही तितकंच गरजेचं. १९९८मध्ये पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २'वर काम चालू असताना कुणीतरी चुकून डिलीटची कमांड दिली आणि चित्रपटाच्या फाइली भराभर नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप होता. तो परत आणायला गेले तेव्हा कळलं, की तो नीट होतच नव्हता. वाचवलं ते गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकानं. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून चित्रपटाची प्रत त्यांच्या घरी होती. तो संगणक जपून गाडीत घालून स्टुडिओत आणला गेला. एवढ्या मोठ्या स्टुडिओचा बॅकअप न तपासल्यामुळे फसू शकतो. आपण निदान तीन महिन्यांनी एकदा डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडून चार फाइली उघडून पाहाव्यात.

सुसमन यांच्या घरची प्रत कामी आली, कारण ती दुसऱ्या छपराखाली होती. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१च्या जुलैत चिपळूणला पाणी घरांत शिरलं. अशा वेळी संगणक आणि त्याच्या शेजारच्या ड्रॉवरमधली डिस्क दोन्ही एकाच पाण्यात जातात. म्हणून दुसरी डिस्क दुसऱ्या घरात हवी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१चा नियम हाच आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. क्लाउडवर प्रत ठेवत असाल तर उत्तमच, ती घराबाहेरची प्रत झाली. पण मासिक भाडं थकलं किंवा पासवर्ड हरवला तर काय, याचाही विचार असू द्या. घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्टसारखं कुलूप जरूर लावा, कारण तिच्यात आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं असतात. आणि त्या कुलपाची किल्ली कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाला द्या.

राहिली डिस्क सतत जोडून ठेवण्याची सवय. घरात वर्षाचं लोणचं घातलं की आई ते दोन बरण्यांत भरायची. छोटी रोज ताटाशेजारी यायची. मोठीला दादरा बांधून ती फडताळात वर जायची, आणि छोटी संपली की कोरड्या हातानं, कोरड्या डावानं मोठीतलं काढायचं. छोटीत कुणाचा ओला चमचा गेला तर छोटीच नासायची. खंडणीखोर व्हायरस हा तसाच ओला चमचा असतो. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला, तेव्हा त्यानं संगणकातल्या फाइलींबरोबर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या. बॅकअप झाला की डिस्क 'इजेक्ट' करून काढावी, झिप असलेल्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, आणि वर जाऊ द्यावी.

डिस्क किती वर्षं टिकते याचं एकच उत्तर नाही. बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या लाखो डिस्कची आकडेवारी २०१३पासून जाहीर करते. त्यांच्याकडे गेल्या काही वर्षांत वर्षाला साधारण शंभरात एक-दोन डिस्क बंद पडतात. त्या डिस्क थंड, स्थिर खोलीत असतात, आपल्या पिशवीत फिरत नाहीत. पाच वर्षं झाली की मी डिस्क बदलतो आणि जुनी तिसरी प्रत म्हणून ठेवतो. वॉरंटी तीन वर्षांची असली तरी ती डिस्कची असते, आतल्या माहितीची नसते. नवी डिस्क मिळते, ओव्या मिळत नाहीत.

माझ्या आईच्या तीन तासांतली अकरा मिनिटं उरली, कारण ती मी पूर्वी कधीतरी बहिणीला फोनवर पाठवली होती. आज ती माझ्या संगणकावर, माझ्या कपाटातल्या डिस्कवर आणि नाशिकला बहिणीच्या घरी आहेत. दर भाऊबीजेला मी ताजी भरलेली डिस्क घेऊन जातो आणि तिच्याकडची परत आणतो. दोन्ही डिस्कवर कागदी पट्टी चिकटवून शेवटच्या बॅकअपची तारीख पेनानं लिहिलेली असते.